गोजरबाईची मांजरं

गिरिजाबाईंना आमच्या कुंभार पिंपळगावात कुणी गिरिजाबाई म्हणत नाही. लहानथोर सगळे सिस्टर म्हणतात. सरकारी दवाखान्यातली नोकरी संपून दहा-अकरा वर्षं झाली, तरी सिस्टरच. त्या गावात नर्स म्हणून आल्या तेव्हा पंचविशीच्या होत्या. तेव्हा बाळंतपणं घरीच व्हायची, आणि सारवलेल्या भुईवर उकिडवं बसून सिस्टरांनी निम्मं गाव जगात आणलं. मला पहिली लस त्यांनीच टोचली, माझ्या थोरल्या लेकीलाही त्यांनीच. माझं नाव रामकिसन. बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सांगतोय त्यातलं बरंचसं माझ्या दुकानासमोर घडलं, उरलेलं सिस्टरांनी स्वतः सांगितलं.

सिस्टरांकडे कापशी नावाची मांजर होती. दवाखान्याच्या स्टोअरमध्ये कापसाच्या बंडलांचं एक खोकं होतं, त्यात एक मांजर व्याली. तीन पिल्लं तिनं दातात धरून नेली, चौथं नेलं नाही. सिस्टरांनी दोन दिवस वाट पाहिली आणि ते पिल्लू घरी आणलं. सुई काढलेल्या सिरिंजनं थेंब थेंब दूध पाजून जगवलं. पांढरंशुभ्र होतं, म्हणून कापशी. तेव्हा त्यांचे मालक, शिवाजी मास्तर, हयात होते. लेक अक्षता शिकत होती. पुढं मास्तर वारले, अक्षता लग्न होऊन जालन्याला गेली. मग घरात या दोघीच. सिस्टर रिटायर झाल्या त्या दिवशी दवाखान्यातल्या लोकांनी हारतुरे केले, भाषणं केली. घरी येऊन त्यांनी हार काढून खुंटीला अडकवला आणि कापशीला म्हणाल्या, "आता उद्यापून कुठं जायचं न्हाई मला."

दोन वर्षांखाली कापशी खाईना. सारखं पाणी प्यायची आणि वाळत चालली. सिस्टरांनी तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हशी-बैल बघणारे, पण त्यांनी टेबलावर टॉवेल अंथरून तिला नीट तपासलं.

"सिस्टर, किडन्या गेल्या हिच्या. वय झालं."

"किती दिवस?"

"ते तुम्हाला मी काय सांगू. तुम्ही काय कमी बघितलंय का?"

कातडीखाली थोडं थोडं सलाईन दिलं तर तिला बरं वाटेल, असं डॉक्टर म्हणाले. सिस्टरांनी एकवीस दिवस दिलं. बाविसाव्या दिवशी त्या सुई घेऊन बसल्या तर कापशी सरकत सरकत भिंतीला गेली आणि तिथून त्यांच्याकडे बघत राहिली. सिस्टरांनी सुईला टोपण लावलं. "बरं माय," म्हणाल्या, "न्हाई टोचत आता." त्यानंतर तीन दिवसांनी भर दुपारी, माठाखालच्या गार फरशीवर, कापशी गेली.

परसात शेवग्याखाली खड्डा मी खणून दिला. सिस्टरांनी तिला मास्तरांच्या जुन्या धोतराच्या पानात गुंडाळून आणलं होतं. माती लोटून झाल्यावर त्या तशाच उभ्या राहिल्या. मांजरासाठी त्रिसरण म्हणावं का, असं त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा शेजारच्या माडीकडे पाहिलं. मग हात जोडून अगदी हळू आवाजात म्हणून घेतलं. मीही हात जोडले.

मास्तर वारले तेव्हा या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आठ दिवस कुणी ना कुणी डबा आणत होतं, सतरंजीवर बसत होतं. कापशी गेली तेव्हा कुणी आलं नाही. येणार तरी कशाला? वाटेत भेटलेली माणसं म्हणायची, "सिस्टर, डोळे काहून सुजले?" आणि कारण कळलं की वाटेला लागायची. एक जण तर म्हणाला, मांजरच तं होतं. तो वाईट माणूस नव्हता, आणि सिस्टरांनीच त्याच्या दोन्ही पोरांची नाळ कापली होती. सिस्टरांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी बाहेर जाणं कमी केलं.

आली ती एकटी गोजरबाई.

गोजरबाईचं घर माझ्या दुकानासमोरच. जुनं खटलं, नदीकडं जमीन, सासरा एके काळी गावात वजनदार. सिस्टर गावात आल्यावर दोन वर्षांनी गोजरबाईचं पहिलं बाळंतपण अडलं. मूल पायाळू होतं. बैलगाडीनं अंबडला नेईपर्यंत दोघंही हाती लागली नसती. सिस्टरांनी ते मूल जिवंत काढलं, तो बद्रीनाथ. तो मात्र त्यांना मावशी म्हणतो. बाराव्या दिवशी घरच्यांनी सिस्टरांना लुगडं नेसवलं. चहाही दिला, पण बाहेरच्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपात. पिऊन झाल्यावर तो कप सिस्टरांनीच विसळून परत तिथं ठेवायचा. कित्येक वर्षं तसंच चाललं. सासू वारल्यावर तो कप कोनाड्यातून नाहीसा झाला, आणि सिस्टरांना घरातल्याच कपात चहा मिळू लागला. त्यावर दोघी कधी एक शब्द बोलल्या नाहीत. पण गोजरबाईनं स्वतः सिस्टरांच्या घरी कधी पाणीही घेतलं नव्हतं.

त्या दिवशी गोजरबाई आली आणि परसात शेवग्याकडं तोंड करून बसली. तिची स्वतःची दोन मांजरं होती, तिला सांगावं लागलं नाही. मग गोजरबाई म्हणाली, "च्या ठेव की, सिस्टर. मी बी सकाळपून पेले न्हाई."

सिस्टरांनी चहा केला. गोजरबाईनं बशीत ओतून तो सगळा प्याला, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाली, "माणसासाठी रडाया चार जण येतात. मुक्या जिवाचं ज्याचं त्यालाच रडावं लागतं." मग पदर झटकून गेली.

लोकांनी सिस्टरांना पिल्लं आणून द्यायचा प्रयत्न केला. अंगणवाडीतली बेबीनंदा टोपलीत दोन घेऊन आली. एक काळं, एक ठिपक्याचं.

"घ्या सिस्टर, मन रमंल."

"नको गं."

"काहून? एवढी माया तुम्हाला."

"मी सदुसष्ट वर्षांची. मांजर पंधरा वर्षं जगतं. माझ्यामागं याला कोण बघंल? अक्षताच्या घरी चालत न्हाई." मग म्हणाल्या, "अन् खरं सांगू का बेबी, मला हे नकोच हाये. मला तीच पाहिजे."

बेबीनंदा टोपली घेऊन परत गेली.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात, तुरीला शेंगा भरल्या होत्या तेव्हा, गोजरबाई शेतातून चालत घरी आली, ओट्यावर बसली आणि तिथंच आडवी झाली. मी दुकानातून धावलो. सिस्टरांना बोलावून आणलं. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "बद्रीला फोन लाव."

बद्रीनाथ जालन्याला एका बियाण्याच्या कंपनीत आहे. तो आला, सगळं रीतसर केलं. तेरावं झालं, पाहुणे गेले, जमीन बटईनं दिली, घराला कुलूप लागलं. जाताना मी विचारलं, "मांजरांचं काय?"

"आता त्यांचं काय करू, रामकिसनभाऊ? तिसऱ्या मजल्यावर राहतो मी. उंदरं मारून जगतील." त्याचंही खोटं नव्हतं. पंधरा दिवस त्यानं धड झोप घेतली नव्हती.

दोन मांजरं होती. भुरी राखाडी, बारीक चणीची. भावड्या मोठा पिवळा बोका, रागीट. दोघंही उंदरं मारायला गेली नाहीत. कुलूपबंद दारासमोर ओट्यावर बसून राहिली. दाराची कडी वाऱ्यानं वाजली की दोघं उठायची, थोडा वेळ दाराकडं बघायची, पुन्हा बसायची. मी दुकानातून रोज बघायचो. कधी बिस्किट टाकायचो, तर भावड्या अंगावर यायचा.

बाजाराच्या दिवशी सिस्टर पिशवी घेऊन त्या गल्लीतून चालल्या होत्या. त्यांनी मांजरांकडं पाहिलं आणि पुढं गेल्या. परत येताना दुसऱ्या गल्लीनं गेल्या. पुढच्या बाजारीही तसंच. नंतर त्यांनी मला सांगितलं, "मी मुद्दाम बघत नव्हते, रामकिसन. एकदा बघितलं की झालं."

पण मग गल्लीतल्या कुत्र्यांनी भुरीला धरलं. मी दगड मारून सोडवली, तोवर मागच्या मांडीचं कातडं फाटलं होतं. मी दुसरं कुणाकडं जाणार? तिला पोत्यात घालून सिस्टरांकडं नेलं. त्यांनी चष्मा लावला. जखम धुतली, भोवतालचे केस कातरले, औषध लावलं. भुरीनं त्यांच्या हाताला दोन ठिकाणी चावा घेतला. त्यांनी हात हलवला नाही. काम झाल्यावर म्हणाल्या, "आठ दिवस राहू दे इथं. जखम भरली की सोडू." आणि थोड्या वेळानं, "त्या दुसऱ्यालाही आण. तो तिथं एकटा काय करंल?"

अशी ती दोघं त्यांच्या घरी आली. पण मांजर माणसाच्या मागं येत नाही, जागेच्या मागं जातं, असं म्हणतात. तसंच झालं. दोघं कपाटाखाली जाऊन बसली. दूध-भाकरी तशीच राहायची. सिस्टरांनी हाक मारली तर कान मागं पाडायची. गोजरबाई कशी हाक मारायची ते त्यांनी मला विचारलं. मला आठवत होतं. ती जिभेनं टाळूवर टक टक करायची आणि म्हणायची, "चला रे, भरल्या घरी चला." सिस्टरांनी तसं करून पाहिलं. भुरी बाहेर आली, त्यांच्याकडं पाहिलं, आणि आवाज दुसऱ्याच बाईचा आहे हे कळल्यावर पुन्हा कपाटाखाली गेली. सिस्टरांनी पुन्हा तशी हाक मारली नाही.

तिसऱ्या दिवशी खिडकीतून दोघं पळाली ती थेट ओट्यावर. मी पोहोचवली. पुन्हा पळाली. पुन्हा पोहोचवली. एके दिवशी भावड्यानं कापशीच्या गोधडीवर घाण केली. ती गोधडी सिस्टरांनी वर्ष-दीड वर्ष धुतली नव्हती. बाजेखाली घडी करून ठेवली होती. कापशीचे पांढरे केस अजून तिला चिकटलेले होते. आता ती धुण्यावाचून इलाज नव्हता.

सिस्टरांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नसेल. त्या दिवशी त्यांनी झाडणी उचलली, दोघांना घराबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं तर सिस्टर समोर गोजरबाईच्या ओट्यावर बसलेल्या. मांजरं त्यांच्यापासून हातभर लांब, दाराकडं तोंड करून. मी चहा नेला.

"मी यांचा राग करून राह्यले," त्या म्हणाल्या. "कापशी मेली अन् हे जगून राह्यले, याचा राग. यांनी माझं काय केलं? काहीच न्हाई."

त्या दाराकडं बघत होत्या.

"नवी नवी नोकरीला होते तेव्हाची गोष्ट. एका बाईचं मूल पोटातच गेल्तं. सासू म्हणाली, दाखवू नका, तिला सोसायचं न्हाई. मी लहान होते, ऐकलं. परस्पर नेऊन पुरलं. ती बाई तीन वर्षं, रामकिसन, मी दिसले की विचारायची, सिस्टर, माझं लेकरू कुणाला दिलं तुम्ही? तवापून मी कुणाचं ऐकलं न्हाई. गेलेलं मूल आईला दाखवायचंच. हातात द्यायचंच. ज्याला दाखवत न्हाई, ते हुडकत राहतं."

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "बद्रीला फोन लाव. म्हणावं, चावी घेऊन ये."

बद्रीनाथला वाटलं घरात चोरी झाली. रविवारी तो घाईघाईनं आला. सिस्टरांनी त्याला काय पाहिजे ते सांगितलं तेव्हा त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं.

"मावशी, मांजरांसाठी बोलावलं व्हय मला?"

"हो. दार उघड अन् बाजूला हो. बाकी काही करू नको."

त्यानं कुलूप काढलं. दार ढकललं तशी दोघं आत गेली. पळत नाही, हळूहळू गेली. आम्ही तिघं उंबऱ्याबाहेर उभे राहिलो. भुरी आधी चुलीपाशी गेली. चूल थंड, वर धूळ बसलेली. तिथं तिनं बराच वेळ हुंगलं. मग देवघर, मग धान्याच्या कोठीमागं. भावड्या गोजरबाईच्या बाजेवर चढला. गादी गुंडाळून ठेवली होती, सुंभाच्या दोऱ्यांवरून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, मग खाली उतरून बाजेखाली पाहिलं. मग दोघं मागच्या मोरीत गेली, परत आली, पुन्हा चुलीपाशी गेली. सगळ्या घरात फक्त त्यांच्या पायांचा आवाज. एकदा भुरी ओरडली. लांब, बारीक आवाजात. कुणी ओ दिली नाही.

बद्रीनाथ उंबऱ्यावर बसला. मग त्याचे खांदे हलायला लागले. त्यानं तोंडावर रुमाल धरला. "मला वेळच भेटला न्हाई, मावशी," एवढंच म्हणाला. "तेरा दिवस नुसती माणसं, माणसं." सिस्टर त्याच्याशेजारी बसल्या. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याचं होईपर्यंत तो काढला नाही.

अर्ध्या तासानं भुरी बाहेर आली. सिस्टरांनी पिशवीचं तोंड उघडलं, तिला उचलून आत ठेवलं. ती ओरबडली नाही, चावली नाही. भावड्या मात्र घराबाहेर येऊन ओट्यावर बसला. आम्ही त्याला हात लावला नाही. बद्रीनाथनं कुलूप लावलं. संध्याकाळी मी दुकान बंद केलं तेव्हाही तो बसलेलाच होता. सकाळी ओटा रिकामा. तसाच सिस्टरांकडं गेलो, तर तो त्यांच्या परसाच्या भिंतीवर. कुणी त्याला आणलं नव्हतं.

मांजराला मरण कळतं का, मला माहीत नाही. जखम भरत आली होती, जागेची सवय होत आली होती, असंही म्हणता येईल. सिस्टरांना विचारलं तर त्या म्हणतात, "मला बी काय ठाऊक? मला एवढं ठाऊक हाये, की हुडकायचं थांबलं."

लगेच सगळं गोड झालं असं नाही. भुरीनं महिनाभर सिस्टरांच्या हातचं खाल्लं नाही. त्या ताटली ठेवून दुसऱ्या खोलीत जायच्या, मग ती खायची. ताटल्या दोघांसाठी नव्या आणल्या. कापशीची वाटी फळीवरच राहिली. ती खाली काढायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्याबद्दल त्यांच्या मनात काही खंत नव्हती. एकदा चुकून भुरीला त्यांनी कापशी म्हणून हाक मारली. भुरी आपली अंग चाटत बसलेली. सिस्टर आत जाऊन थोडा वेळ भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, मग बाहेर येऊन तिला तिच्या नावानं हाक मारली.

चैत्रात, उन्हं चढायला लागली तेव्हा, दुपारी वीज गेली होती. सिस्टर परसाच्या दारात चटईवर आडव्या पडल्या होत्या. भुरी आली आणि त्यांच्या पोटरीला पाठ लावून झोपली. त्यांना मुंग्या आल्या तरी त्यांनी पाय हलवला नाही. हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन सांगितलं.

सुट्टीत अक्षता आली. आईच्या बाजेवर पसरलेला बोका पाहून ती दारातच थांबली. "आई, तू तर म्हणत होतीस, आता नको कुणी. माझ्यानंतर कोण बघणार, म्हणत होतीस."

"म्हणत होते."

"मग?"

"मंग काय? ते तं अजून तसंच हाये. पण गोजरबाई बी यांना सोडूनच गेली की. तिच्यानंतर मी हाये. माझ्यानंतर कोण, ते आत्ताच विचारून ठेवायचं. तुझ्या सासूला विचार."

अक्षतानं विचारलं. सासूबाई भुरीला हो म्हणाल्या, बोक्याला नाही. मग सिस्टरांनी बद्रीनाथला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, खालच्या मजल्याचं घर बघून राह्यलोय. भावड्या माझ्याकडं."

गेल्या आठवड्यात सिस्टर दुकानात आल्या. वहीच्या पानावर त्यांच्या त्या गोल, दवाखान्याच्या रजिस्टरातल्या अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. भुरी कुणाकडं, भावड्या कुणाकडं, दोघांचे फोन नंबर. भुरीला दूध पचत नाही. भावड्याला मागच्या पायाला हात लावलेला चालत नाही. पहिले आठ दिवस खोलीत ठेवावं, हाका मारून त्रास देऊ नये.

"तीन प्रती काढ. एक अक्षताला, एक बद्रीला. अन् एक तुझ्याकडं राहू दे. सगळ्यात आधी तुलाच कळंल."

मी प्रती काढल्या. त्यांचे कागद हातात देताना म्हणालो, "सिस्टर, तुम्हाला काय झालंय एवढ्यात?"

"काही न्हाई झालं," त्या म्हणाल्या. कागद मधोमध दुमडून त्यांनी पिशवीत ठेवले, आणि भावड्या सकाळपासून उपाशी आहे म्हणून जास्त न थांबता निघाल्या.